नाडीपट्टी पाहायला निघण्याआधी



दिवाळीच्या आधीच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका मावशींनी हप्ता भरला, पासबुक पिशवीत टाकलं आणि तशाच बसून राहिल्या. बाकीच्या बाया उठून गेल्यावर म्हणाल्या, "ताई, नाडी म्हंजे काय गं? हातातली न्हवं, ताडाच्या पानावरची."

मावशींची लेक अमेरिकेत असते, अकरा वर्षं झाली. 2021 च्या एप्रिलमध्ये तिचे वडील करोनात गेले. तेव्हा तिचं बाळ चार महिन्यांचं होतं. कसंबसं येता आलं असतं, पण व्हिसाचा शिक्का मारणारी कचेरी बंद, परत कधी जाता येईल याचा भरवसा नाही. तिने वडिलांना शेवटचं मोबाईलवर पाहिलं, तेही मध्येच रेंज गेली. त्यानंतर ती या दिवाळीला पहिल्यांदाच घरी येणार होती. फोनवर आईला म्हणाली, "आई, मला तमिळनाडूत जाऊन नाडीपट्टी बघायचीये. तिथे अंगठ्यावरून आपलं पान काढतात, आईवडिलांची नावं वाचून दाखवतात. मला बाबांचं विचारायचंय."

मावशींनी आम्हाला तीन गोष्टी विचारल्या. काय न्यायचं, पैसे किती लागतात, आणि खरं असतं का. पहिल्या दोनांची उत्तरं चार फोन केल्यावर मिळाली. तिसऱ्यासाठी आम्ही महिनाभर वाचत बसलो. बी.ए.ला आमचा विषय इतिहास. गटाची कर्जवही लिहिताना त्याचा आजवर कधी उपयोग झाला नव्हता, तो या निमित्ताने झाला.

तर गावाचं नाव वैदीश्वरन कोईल. कोईल म्हणजे देऊळ. चिदंबरमच्या दक्षिणेला, शीर्काळीजवळ. देऊळ शंकराचं, वैद्याच्या रूपातल्या. आपल्या परळीला वैजनाथ आहे तसाच हा रोग बरा करणारा देव. आजारी माणसं येतात, तिथल्या तळ्यात गूळ वाहतात. मंगळाचंही ते ठाणं मानतात, म्हणून लग्न अडलेल्या मुलींचे आईबाप येतात. देऊळ जुनं आहे, सातव्या शतकातल्या तमिळ शैव संतांनी त्याची पदं गायली आहेत. आणि देवळाभोवतीच्या गल्ल्यांत घरोघर पाट्या: नाडी ज्योतिष, अगस्त्य नाडी. देवळाइतक्या त्या पाट्या जुन्या नाहीत.

हा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे 1675 च्या सुमारास तंजावरला गादीवर बसले, आणि भोसल्यांचं घराणं तिथे 1855 पर्यंत होतं. वैदीश्वरन कोईलचा भाग त्याच राज्यात. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर 1803 साली भोसले घराण्याची हकिगत मराठीत कोरली, ती आजही उभी आहे. ती कोरवून घेणारे सरफोजीराजे पुस्तकांचे भारी वेडे. खरी सत्ता तोवर इंग्रजांनी काढून घेतली होती, राजाकडे वाडा आणि तनखा उरला होता. त्यांनी काय केलं, तर सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. काशीयात्रेला गेले तेव्हा येताना पोथ्या घेऊन आले. तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी, मोडी, कागदावरच्या आणि ताडपत्रावरच्या हजारो पोथ्या तिथे आहेत. 1918 पासून ते ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे.

नाडीवाले जी गोष्ट सांगतात, ती याच ग्रंथालयापाशी येऊन थांबते. अगस्त्य आणि बाकीच्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी माणसांची आयुष्यं पाहून लिहून ठेवली, चोळ राजांनी ती पानं जमवली, तंजावरच्या मराठी राजांनी सांभाळली, पुढे इंग्रजांनी औषधाची पानं ठेवून घेतली आणि भविष्याची लिलावात काढली, ती वैदीश्वरन कोईलच्या घराण्यांनी घेतली. ऐकायला गोड गोष्ट आहे, त्यातला राजा खरा, ग्रंथालय खरं. लिलावाची मात्र आम्ही गोष्ट म्हणूनच सांगतो. आणि गोष्टीचा पहिला भाग तर ताडाचं पानच खोटा पाडतं.

पान कसं तयार होतं बघा. ताडाची कोवळी पानं कापून सुकवायची, पाण्यात उकळायची, परत सुकवायची, घासून गुळगुळीत करायची, सारख्या मापाच्या पट्ट्या कापायच्या. पट्टीला भोक पाडून दोरी ओवायची, वरखाली लाकडाच्या फळ्या. लिहायचं शाईने नाही. लोखंडी टोकाच्या लेखणीने अक्षर ओरखडायचं, मग पानावर काजळी आणि तेल चोळायचं, की खाचेत काळं बसतं आणि अक्षर दिसायला लागतं. आपण नवीन पाट्यावर टाकीचे घाव घालतो ना, तसलं काम. फार कष्टाचं. आणि एवढं करूनही दक्षिणेच्या दमट हवेत, वाळवी आणि किड्यांत, पान दोन-तीनशे वर्षं टिकलं तर खूप. म्हणून प्रत्येक पिढी-दोन पिढ्यांनी नवी नक्कल करायची आणि जुनी पोथी विसर्जन करायची. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, नदीला पाणी चढतं तेव्हा, जीर्ण पोथ्या नदीत सोडायची रीत होती.

कुंभकोणमच्या कॉलेजात उ. वे. स्वामिनाथ अय्यर नावाचे तमिळचे पंडित होते. 1855 चा जन्म, 1942 ला गेले. त्यांनी आयुष्य गावोगाव पायपीट करून ताडपत्रं गोळा करण्यात घालवलं आणि तमिळांचे विसरलेले जुने ग्रंथ छापून काढले. कुठे गेले तर कळायचं, पोथ्या होत्या, पण नदीला सोडल्या. कुठे कळायचं, होमात घातल्या. तमिळ लोक त्यांना 'तमिळ ताता', म्हणजे तमिळचे आजोबा म्हणतात. त्यांची गोष्ट वेगळी सांगण्यासारखी आहे, पुन्हा कधी सांगू.

मुद्दा असा की आज आपल्यासमोर जे पान धरतात ते ऋषीने लिहिलेलं असूच शकत नाही. नाडीवाचकही हे नाकबूल करत नाहीत, ते म्हणतात नकलेची नक्कल आहे. आता नक्कल म्हणजे काय, ते गटातल्या बायांना सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी आम्ही जुनी वही फाटली म्हणून नव्या वहीत उतरवली. एका ताईंची 1,300 रुपयांची बाकी 130 झाली, आणि तीन महिने कुणाच्या ध्यानात आलं नाही. हिशेबाच्या वहीत एका शून्याने असं होतं. शंभर वेळा उतरवलेल्या पोथीत किती हातांनी काय गाळलं, काय घातलं असेल!

पानं वाचणारी माणसं कोण, हेही पाहावं. तमिळनाडूत वळ्ळुवर नावाचा समाज आहे. सरकारी यादीत अनुसूचित जातीत आहे. ज्योतिष सांगणं हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय, आणि नाडीवाचकांत या समाजातली बरीच घराणी आहेत. बापाने मुलाला जुनं वळणाचं लिखाण वाचायला शिकवायचं, पदं ताला-सुरात म्हणायला शिकवायचं. ज्यांना कित्येक देवळांत पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांच्यापुढे मोठमोठ्या जातींचे लोक अंगठा पुढे करून बसतात. आम्हाला हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं. कुणाच्या पिढ्यान् पिढ्यांच्या कसबाला सरळ फसवणूक म्हणून मोकळं होणं आम्हाला जमत नाही. ते कसब नक्की कशाचं, हे मात्र बघायला पाहिजे.

आता अंगठा. पुरुषाचा उजवा, बाईचा डावा. ठशावरच्या रेषांचे 108 प्रकार मानतात, त्या प्रकाराची पट्ट्यांची जुडी आतून काढून आणतात.

पण छापून निघालेले जे जुने संस्कृत नाडीग्रंथ आहेत, देवकेरळम् त्यातला नावाजलेला, त्यांत माणूस अंगठ्याने शोधत नाहीत, जन्मवेळेने शोधतात. प्रत्येक राशीचे 150 बारीक भाग करतात, बारा राशींचे 1,800. एकेक भाग म्हणजे सरासरी 48 सेकंदांचा. म्हणजे जन्माची वेळ मिनिटाच्या आत ठाऊक हवी. आमच्या आईला आमची जन्मवेळ विचारली तर ती सांगते, गुरं रानातून आली होती आणि दिवा लावायचा होता. यातून 48 सेकंद कुठून काढणार? आम्हाला वाटतं, अंगठा इथेच कामाला आला असेल. पत्रिका नसलेल्या, तारीख ठाऊक नसलेल्या माणसाकडेही अंगठा असतोच.

अंगठ्याशी आपलं नातं काही वेगळं सांगायला नको. 'निशाणी डावा अंगठा' असं सावकाराच्या कागदावर, बँकेच्या फॉर्मवर आपल्या सासवांनी किती वेळा ऐकलं असेल. त्याचीही हकिगत आहे. 1858 साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अंमलदाराने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या सामानाचा करार केला आणि कागदावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला, की उद्या मी नव्हेच म्हणायला नको. तिथून बोटांचे ठसे सरकारदरबारी आले. 1897 साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. हजारो ठशांतून एक शोधायचा कसा, ही मोठी अडचण. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन पोलीस अधिकाऱ्यांनी गणित बसवून 1,024 खाने पाडले. जगभर ती पद्धत गेली, नाव मात्र साहेबाचं लागलं, हेन्री पद्धत.

पोलिसांना 1,024 खाने करूनही नुसत्या खान्यावरून माणूस सापडत नव्हता, पुढे रेघ न् रेघ ताडून पाहावी लागे. नाडीत प्रकार 108. आपल्या देशाची 140 कोटी माणसं त्यांत वाटली तर एकेका प्रकारात सव्वा कोटीच्या वर माणसं येतात. तेवढी पानं तर कुठल्या घरात नाहीत. नाडीवाले म्हणतात, जो येणार असं ऋषींना दिसलं त्याचंच पान आहे. असू दे. पण मग अंगठ्याने सव्वा कोटीपर्यंत आणून सोडलं, तिथून एका माणसापर्यंत कसं पोचतात? तिथे प्रश्न सुरू होतात, आणि खरं काम त्यांचंच आहे.

वाचक एकेक पट्टी उचलतो आणि विचारतो. तुम्ही घरात थोरल्या? वडिलांचं नाव देवाचं? आईच्या नावात तीन अक्षरं? नवरा नोकरी करतो? तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं की पट्टी बाजूला, पुढची. जुडी संपली की दुसरी जुडी. सगळी उत्तरं हो आली ती पट्टी तुमची.

हे काय आहे ते आम्ही बैठकीत खेळून पाहिलं, तुम्हीही पाहा. सोळा बाया बसवा. एकीने मनात कुणा एकीला धरायचं. दुसरीने हो-नाहीचे प्रश्न विचारायचे, पण असे की दर प्रश्नाला निम्म्या बाया बाद होतील. चष्मा आहे का? आठ उरल्या. माहेर तालुक्यातलं का? चार. चार प्रश्नांत बाई सापडते. सोळाला चार. आणि वीस प्रश्नांना किती? 10 लाख 48 हजार 576. वीस नीट विचारलेल्या प्रश्नांत दहा लाखांतून एक माणूस निघतो. तुमचं 'नाही'सुद्धा 'हो'इतकंच सांगून जातं. नाडीत प्रश्न वीस नसतात, पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त होतात.

पट्टी सापडली की कांडं. पहिलं कांड सर्वसाधारण आयुष्याचं. मग पत्रिकेतल्या घरांप्रमाणे: दुसरं पैसा-कुटुंब, तिसरं भावंडं, चौथं आई आणि घर, पाचवं मुलं, सहावं आजार आणि कर्ज, सातवं लग्न, आठवं आयुष्य किती, नववं वडील, दहावं धंदा, अकरावं लाभ, बारावं खर्च आणि परदेश. प्रत्येक कांडाचे पैसे वेगळे. आणि या बारांनंतर शांतीकांड, त्यात मागच्या जन्माचं पाप आणि त्यावरचे उपाय. लांबची माणसं येतात ती या शेवटच्या कांडाशी हमखास अडतात.

पत्रिकेत बारावं घर व्ययाचं, आणि परदेश त्याच घरात बसवलाय, हे आमच्या मनातून जात नाही. लांब जाणं म्हणजे बुडीत खातं. एका काळी ते होतंही तसंच. इंग्रजांच्या राज्यात करारावर अंगठे उठवून तमिळ मुलखातून हजारो माणसं सिलोन, मलाया, मॉरिशस, नाताळला मजुरीला गेली. आपल्या कोकणातलीही मॉरिशसला गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं तिथे आजही गणपती बसवतात. किती तरी परत आलीच नाहीत. 1883 साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून केवढा गहजब. 1886 ला डॉक्टर झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, बावीस वर्षांच्याही नव्हत्या. तेव्हा घरी राहिलेली आई जोश्याकडे जाऊन विचारायची, गेलेला परत येईल का. आता गेलेली मुलगी येऊन विचारते, मी नव्हते तेव्हा घरी काय झालं.

पुण्यात 2008 साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची एक परीक्षा घेतली होती, तेवढी सांगून पुढे जातो. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, 27 ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 दिल्या, कोणती कुणाची ओळखा म्हणून. सरासरी 46 टक्के बरोबर आल्या. नाणं उडवलं असतं तर पन्नास आल्या असत्या. ती पत्रिकेची परीक्षा, नाडीची नव्हे. पण तिथे मुलं समोर नव्हती, हो-नाही म्हणायला कुणी नव्हतं, हे लक्षात घ्या.

हे सगळं मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे जायचं न्हाई का?" आम्ही तसं म्हटलं नाही. लेक सात समुद्र ओलांडून एक इच्छा घेऊन येतेय, तिला नको म्हणणारे आम्ही कोण? आम्ही म्हटलं, तयारीने जाऊ.

तयारी अशी केली. फोनवर वेळ घेताना लेकीचं नुसतं पाळण्यातलं नाव दिलं, आडनाव नाही, गाव नाही. एका ठिकाणी त्यांनी आधीच फॉर्म भरून पाठवा म्हटलं, त्यात आईवडिलांची नावं, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख. ते ठिकाण सोडलं. तिला बजावलं, हो किंवा नाही, त्याच्या पुढे एक शब्द बोलायचा नाही. आपल्याला सवय असते, नाही म्हटलं की लगेच कारण सांगायची. रेकॉर्डिंग करू देणार का, हे आधीच विचारून घेतलं. वही न्यायची, आणि लिहायचं काम अंगठा देणारीने करायचं नाही, दुसरीने करायचं. वाचन तमिळमध्ये, म्हणून दुभाष्या कोण, त्याचे पैसे कोण देणार, कांडाला किती, हे बोलून कागदावर घेतलं. पैशांची पिशवी मावशींकडे, कारण परदेशातून आलेली म्हटली की भाव ऐकू येतो तो डॉलरचा. सहावं आणि आठवं कांड काढायचंच नाही असं लेकीनेच ठरवलं. आजार आणि आयुष्य ऐकून सहा हजार कोस लांब एकटीने रात्री काढायच्या, त्यापेक्षा नको. आणि शेवटचं, शांतीचे पैसे त्या दिवशी द्यायचे नाहीत. घरी यायचं, आठ दिवस जाऊ द्यायचे, मग ठरवायचं. कर्ज मंजूर करताना गटात जसा एक बैठकीचा अवधी ठेवतो, तसा.

सोलापूरहून गाडीने चेन्नई, तिथून दुसऱ्या गाडीने वैदीश्वरन कोईल. त्या दोघी आणि आम्ही दोघी कार्यकर्त्या. तिकडे दिवाळीच्या सुमारास पाऊस असतो. आपल्याकडे हरभरा पेरून झालेला आणि तिथे भाताच्या खाचरांत पाणी भरलेलं.

वाचक वयस्कर होते, बोलायला सौम्य. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, दोन तास बसवलं, जुडी आणली. मावशी वहीत रेघा मारत बसल्या, हजेरीला मारतो तशा, 'हो'ची उभी, 'नाही'ची आडवी. आणि कार्यकर्त्यांपैकी एकीने प्रश्न लिहिले. वडील हयात आहेत? लेक "नाही" म्हणाली आणि तिचे डोळे भरले. पुढचा प्रश्न यायला जरा वेळ लागला, आणि त्यानंतरचे प्रश्न वडिलांभोवतीच फिरायला लागले. तीन जुड्या झाल्या. मग ते म्हणाले, मिळाली. आणि गाण्यासारखं वाचायला लागले. आईचं नाव, वडिलांचं नाव, तिचं, नवऱ्याचं, एक मुलगा, समुद्रापलीकडे घर. लेक तोंडावर हात ठेवून रडली. आमच्याही अंगावर काटा आला.

मग नववं कांड. दुभाष्या मोडक्या हिंदीत सांगत होता. मागच्या जन्मी या बाईने म्हाताऱ्या आईबापांना टाकलं, म्हणून या जन्मी बापाच्या शेवटच्या वेळी जवळ राहणं नशिबात नव्हतं. शांती करावी लागेल, 48 दिवसांची पूजा, आम्ही तुमच्या नावाने करू, तुम्ही अमेरिकेत असलात तरी चालतं. 21 हजार. आज दिले तर उद्यापासून सुरू. लेकीचा हात पर्सकडे गेला.

मावशी म्हणाल्या, "थांब." मग वाचकाकडे बघून, मराठीतच, "मागल्या जन्माचं मला ठाव न्हाई. या जन्मात मी दवाखान्याच्या दारात उभी हुते. मलाबी आत सोडलं न्हाई. मग माझं पाप कोणतं, ते बी वाचा." दुभाष्याने त्याचं हिंदी केलं नाही. वाचकांना कळलं असावं, ते काही न बोलता पट्टी गुंडाळायला लागले. ठरलेले पैसे दिले, हात जोडले, बाहेर आलो.

रात्री लॉजवर वही उघडली. 74 प्रश्न. वडिलांचं नाव शोधलं तर चार ठिकाणी सापडलं: देवाचं का, रामाच्या गोष्टीतलं का, चार अक्षरी का, शेवट 'ण' का. नवऱ्याचं नावही तसंच. एकच गोष्ट वहीत नव्हती. वाचकांनी सांगितलं होतं की लेकीच्या पाठीवर एक भाऊ होऊन गेला. ते खरं होतं, आणि त्याबद्दल प्रश्न कुठेच लिहिलेला नव्हता. लेक म्हणाली, हे कसं? आम्ही म्हटलं, आपल्या आयांच्या पिढीत एखादं मूल गेलेलं नाही अशा किती बाया निघतील? ती म्हणाली, तरीपण. आम्ही त्यावर वाद घातला नाही.

मग ती आईला म्हणाली, "तू दवाखान्याच्या दारात होतीस हे मला आज कळतंय." मावशी म्हणाल्या, "तू इचारलं न्हाईस, मी सांगितलं न्हाई. तुला लांब तरास कशाला." आणि मग त्या सांगायला लागल्या. पहिल्या दिवशी खोकत खोकत स्वतःच गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉयच्या फोनवरून बोलले, ज्वारीला पाणी दिलं का विचारलं. तिसऱ्या दिवशी नातवाचा फोटो दाखवला का विचारलं, तर दाखवला होता, त्याच वॉर्डबॉयने. लेक एकेक गोष्ट दोनदा दोनदा विचारत होती. आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. पाऊस चालूच होता.

सकाळी देवळात गेलो. लेकीने तळ्यात गूळ सोडला, वडिलांच्या नावाने. त्याला दहा रुपये लागले.

घरी येऊन आठ दिवस झाले, मग ती परत गेली. शांती करायची की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही. तिकडून दोनदा फोन आला होता, पूजा कधी सुरू करायची म्हणून. तिने विचार करते म्हटलं. 21 हजार मावशींच्या खात्यावर ठेवून गेलीय, आणि मावशी दर बैठकीला विचारतात, हे पैसे लेकीचे म्हणून वेगळे दाखवायचे की माझ्या बचतीत धरायचे. आम्ही सध्या वेगळे दाखवतोय.